खट् झालं का?

"कायमचा बसवून घे," आफ्के म्हणाली. "नट-बोल्ट आवळले की विषय संपला."

"अगं, पण मग तो वर्षभर दिसत राहणार ना!" डुर्क कळवळून म्हणाला.

तो म्हणजे टोबार. मोटारीच्या मागे कॅरॅव्हान, म्हणजे चाकांवरची राहायची खोली, अडकवायला लागतो तो लोखंडी आकडा, ज्याच्या टोकाला लिंबाएवढा गोळा असतो. डुर्क हूकेमाने त्या हिवाळ्यात आयुष्यातली पहिली कोरी गाडी घेतली होती. गडद निळी, आणि मागून अशी गुळगुळीत, की रोज संध्याकाळी तो कॉफीचा कप घेऊन खिडकीत उभा राहायचा आणि तिच्या पाठीकडे बघत बसायचा. एवढ्या वर्षांच्या संसारात हा माणूस आपल्या पाठीकडे असा कधी बघत बसल्याचं आफ्केला आठवत नव्हतं.

"त्या पाठीतून लोखंड बाहेर आलेलं मला बघवणार नाही," डुर्क म्हणाला. "काढता-घालता येणारा मिळतो. कॅरॅव्हान न्यायची तेव्हा लावायचा, एरवी काढून ठेवायचा."

"आणि लावायचा कोणी?"

"मी! बसवण्यातलं मला काय सांगतेस?"

डुर्क ड्राख्तन गावात दातांच्या कवळ्या बनवायचा. अर्ध्या गावाच्या तोंडात त्याचं काम होतं आणि आजवर एकही कवळी जेवताना ताटात पडलेली नव्हती.

आफ्केने हातातला कप खाली ठेवला. "ऐक. मागच्या वर्षी गॅसची नळी घरी राहिली आणि आपण सगळी सुट्टी थंड पाव खाल्ला. त्याच्या आदल्या वर्षी छपराची खिडकी उघडी टाकून निघालास, ती बेल्जियममध्ये कुठेतरी उडून गेली. या वेळी काही झालं ना, तर कॅरॅव्हान विकायची. मी पोर्तुगालला जाऊन हॉटेलात पडणार. गादी, खिडकी, नळाला गरम पाणी. हे अगदी शांत डोक्याने सांगतेय."

आफ्के शांत डोक्याने बोलली की ते खरं करायची, हे डुर्कला माहीत होतं. वर्षभर दुसऱ्यांच्या जबड्यांची मापं घेणाऱ्या त्या माणसाला त्या पत्र्याच्या खोक्यात काय मिळायचं हे त्यालाही सांगता आलं नसतं. पण अरुंद पलंगावर पाय आखडून झोपलं, की सकाळी तो उगाचच शीळ घालत उठायचा. हॉटेलात त्याने कधी शीळ घातली नव्हती.

आफ्केच्या वाढदिवसाला हा विषय पुन्हा निघाला. खुर्च्या गोल मांडलेल्या, प्रत्येकाच्या हातात केकचा एकेक तुकडा, आणि मधोमध पाय पसरून तिचा थोरला भाऊ सिब्रांत. त्याच्याकडे शिडाची बोट होती, त्यामुळे चाकावर चालणाऱ्या कुठल्याही गोष्टीबद्दल त्याला दया वाटायची.

"घर पाठीवर घेऊन फिरणारा प्राणी मला एकच माहीत आहे," सिब्रांत म्हणाला. "गोगलगाय. पण तिचं घर निदान अंगाला चिकटलेलं असतं. याचं काढता-घालता येणार म्हणे!"

सगळे हसले. डुर्कसुद्धा हसला, आणि केकचा तुकडा बाजूला ठेवला.

"मे महिन्यात येतोयस ना त्या छोट्या हेग गावच्या तळ्यावर?" त्याने विचारलं. "तू तुझ्या बोटीतून ये, आम्ही कॅरॅव्हान घेऊन येतो. एकाच सकाळी निघू. बघू कोण आधी पोचतं ते."

"मी पोचून, जेवून, झोपून उठेन," सिब्रांत म्हणाला.

काढता येणारा आकडा ठरला तो त्या क्षणी. आता कायमचा बसवून घेतला असता तर मेव्हण्याचं ऐकल्यासारखं झालं असतं.

गॅरेजवाल्याने गाडीचा मागचा बंपर उतरवला तेव्हा डुर्कला बघवेना. तो बाहेर जाऊन मशीनची पाणचट कॉफी पीत उभा राहिला. परत आला तेव्हा बंपर जागच्या जागी होता, दिव्यांची वायर जोडायचं सॉकेट बसलं होतं, आणि आत एक खोबण होती, बाहेरून न दिसणारी. गॅरेजवाल्याने हंसाच्या मानेसारखा वाकडा आकडा हातात घेतला, खालून त्या खोबणीत सरकवला आणि वर दाबला. खट्.

"हा आवाज आला पाहिजे," तो म्हणाला. "ही गोल मूठ हिरव्यावर आली पाहिजे. आणि किल्ली निघाली पाहिजे. किल्ली निघाली नाही तर बसला नाही समजा. आणि आकडा काढलात की खोबणीला हे टोपण लावायचं, आत घाण जाता कामा नये."

"मी कवळ्या बनवतो," डुर्क म्हणाला.

गॅरेजवाल्याला यातून काय समजायचं ते कळलं नाही. त्याने मान हलवली.

घरी आल्यावर डुर्कने तो आकडा दिवसातून दोनदा लावला आणि काढला. शेजाऱ्यांना दाखवला, पोस्टमनला दाखवला, रविवारी चर्चमधून परत येणाऱ्या एका बाईंना थांबवून दाखवला. दरवेळी खट्, दरवेळी हिरवं. आकडा काढला की गाडीची पाठ पुन्हा कोरी. मग नवलाई ओसरली, आणि अंगणातल्या फरश्या बसवायला त्याने गाडीतून रेती आणली. पोती उतरवताना एक फुटलं आणि बंपरवरून रेती खाली ओघळली. डुर्कने गाडी धुतली, पुसली, चकचकीत केली. टोपण मात्र त्या वेळी घरच्या गॅरेजमधल्या फळीवर होतं आणि तिथेच राहिलं.

सुट्टीचा गुरुवार उजाडला. कॅरॅव्हान हिवाळाभर एका शेतकऱ्याच्या गोठ्यात ठेवलेली असायची, तशा इतर अनेकांच्याही असायच्या, आणि त्या सगळ्यांना त्याच सकाळी बाहेर पडायचं होतं. डुर्क गाडी कॅरॅव्हानसमोर लावून खाली वाकला तेव्हा त्याच्या मागे तीन इंजिनं घुरघुरत होती. त्यात खिशातला फोन वाजला.

"निघालो रे," सिब्रांतचा आवाज. मागे पाण्याची चुळुकचुळुक. "वारा झकास आहे. तुझी गोगलगाय गोठ्यातून बाहेर आली का?"

डुर्कने फोन खिशात कोंबला, आकडा खोबणीत सरकवला आणि वर दाबला. नेहमीपेक्षा जड गेला. गुडघा जमिनीला टेकवून, दात खाऊन त्याने पुन्हा रेटला. कट्.

"खट् झालं का?" आफ्केने गाडीतून विचारलं.

"झालं!"

मूठ हिरव्यावर होती असं म्हणता आलं नसतं. लालवरही नव्हती. दोन्हींच्या मधे कुठेतरी होती. किल्लीही निघेना. नवीन आहे, कडक आहे, असं डुर्कने स्वतःला सांगितलं. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला. डुर्कने कॅरॅव्हानच्या पुढच्या टोकाचा, गोळा पकडणारा जबडा गोळ्यावर बसवला, वायर जोडली, आणि कॅरॅव्हान सुटलीच तर तिचा ब्रेक आपोआप ओढणारी बारीक पोलादी तार गाडीच्या कडीत अडकवली. किल्ली होती तिथेच लटकत राहू दिली.

"किल्ली काढलीस?" तो आत बसल्यावर आफ्केने विचारलं.

"सगळं झालंय गं."

रस्ता सरळ होता आणि दोन्ही बाजूंना गाई होत्या. डुर्कने शीळ घालून बघितली, पण ती निघेना. दर वळणावर त्याला मागून काहीतरी बारीक टकटक ऐकू यायची. आफ्केने रेडिओ लावला, डुर्कने तो बंद केला.

"काय झालं?"

"काही नाही. इंजिनाचा आवाज ऐकायचाय."

मोठ्या कालव्यावरचा उचलता पूल लांबून दिसू लागला तेव्हाच त्याच्यावरचे लाल दिवे लुकलुकायला लागले होते. घंटा वाजत होती. डावीकडे कालव्यात रेतीने भरलेली एक लांबलचक मालवाहू बोट येत होती, आणि तिच्या मागे एक उंच डोलकाठी. डोलकाठीच्या टोकाला लाल पताका. सिब्रांतची.

"थांब आता," आफ्के म्हणाली. "पूल उघडतोय."

"थांबलो तर तो पुढे जाईल!"

"जाऊ दे ना. डुर्क! लाल आहे!"

पण डुर्कचा पाय खाली गेलेला होता. रस्त्यावरून पुलाच्या लोखंडी पट्ट्यावर चढताना गाडीला एक दणका बसला. ढण्! आणि लगेच गाडी अशी सुसाट निघाली, की डुर्कच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा हसू फुटलं.

"बघितलंस? नवं इंजिन! चढावर कशी ओढतेय बघ!"

आफ्के बाजूच्या आरशात बघत होती.

"डुर्क," ती म्हणाली, "आपण काय ओढतोय?"

मधल्या आरशात मागचा रस्ता स्वच्छ दिसत होता. इतका स्वच्छ तो दिसायला नको होता. पुलाच्या मधोमध, नाक जमिनीला टेकवून, पांढरी कॅरॅव्हान उभी होती आणि लहान-लहान होत चालली होती. मग पुलाचे आडवे दांडे खाली आले. दांड्यांच्या अलीकडे गाडी राहिली, पलीकडे कॅरॅव्हान.

डुर्क गाडी कडेला लावून पळत सुटला. दांड्याखालून वाकून तो पुलावर पोचतो न पोचतो तोच खांबावरच्या कर्ण्यातून एका बाईंचा आवाज आला. अतिशय सभ्य आवाज.

"पुलावर धावणारे गृहस्थ, कृपया दांड्याच्या बाहेर जावं. पूल उघडायचा आहे."

हे पूल आता कुठल्यातरी लांबच्या खोलीत बसून, पडद्यावर बघत उघडतात. डुर्क खांबावरच्या कॅमेऱ्याकडे बघून दोन्ही हात हलवू लागला.

"उघडू नका! माझी कॅरॅव्हान आहे!"

"ती दिसतेय मला," आवाज म्हणाला. "आत कोणी आहे का?"

"नाही! भांडी आहेत!"

"तुम्ही ती तिथे का ठेवलीत?"

आता खांबाला काय काय सांगणार? तार तुटली होती, पण तुटण्याआधी तिने आपलं काम चोख केलं होतं. कॅरॅव्हानचा ब्रेक करकचून ओढला गेला होता. आकडा गाडीतून निसटून कॅरॅव्हानच्या जबड्यातच राहिला होता, आणि किल्ली अजून लटकत होती.

तेवढ्यात कालव्यातून भोंगा झाला. पोटात घुमणारा, लांब, जाड भोंगा.

"रेतीच्या बोटीचा तांडेल विचारतोय, काय चाललंय," आवाज म्हणाला. "तिची केबिन पुलाखालून जात नाही. आणि भरलेली बोट चटकन थांबत नाही. शिवाय आज वारा तिच्या मागून आहे. मी त्यांना इंजिन उलटं चालवायला सांगितलंय. पण तुम्ही जरा लवकर करा."

डुर्कने कठड्यावरून पाहिलं. बोटीचं बोथट नाक सावकाश, अगदी सावकाश पुढे सरकत होतं. ते वेगात आलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं. तिच्या मागे पाणी ढवळून पांढरं झालं होतं आणि त्याच्याही मागे ती लाल पताका स्वस्थ उभी होती. सिब्रांत ओरडत नव्हता. भोंगा वाजवत नव्हता. फोनसुद्धा करत नव्हता. डुर्कला सगळ्यात जास्त घाम फुटला तो याने. हा माणूस गप्प का? नक्की डिसेंबरात सिंटरक्लासच्या सणाला, भेटींबरोबर एकमेकांची टिंगल करायच्या रात्री, सगळ्या घरादारापुढे वाचायची कविता जुळवत बसला असणार. कडव्यांमागून कडवी.

पुलाच्या पलीकडच्या बाजूला एव्हाना सायकलवाले आणि मोटारवाले जमले होते. दांड्यावर कोपर टेकून ते आपापलं मत देत होते.

"ब्रेक सोडा आणि ढकला!"

"ढकलू नका, उतार आहे! आमच्या अंगावर येईल!"

"असा काढता-घालता येणारा आकडा घ्यायचाच नाही. माझ्याकडे कायमचा आहे."

हे शेवटचं वाक्य आफ्केनेही ऐकलं. ती चालत पुलावर आली होती. ती डुर्ककडे बघत नव्हती, आणि तिचं ते न बघणं त्याला पाठीवर जाणवत होतं.

"गाडी मागे आणायला हवी," ती खांबाकडे बघून म्हणाली. "बाई, आमच्या बाजूचा दांडा उचलाल का? पलीकडचा राहू दे."

"उचलते," आवाज म्हणाला. "तुम्हीच गाडी आणा. त्या गृहस्थांचे हात अजून हवेतच आहेत, मला इथून दिसतंय."

आफ्केने गाडी उलटी आणली. डुर्क हातवारे करून डावं-उजवं सांगत होता, तिने एकदाही तिकडे पाहिलं नाही, आणि गाडी बरोबर कॅरॅव्हानच्या नाकासमोर येऊन थांबली. डुर्कने कॅरॅव्हानचं पुढचं छोटं चाक खाली फिरवून नाक उचललं, जबडा उघडून आकडा बाहेर काढला आणि गाडीखाली उताणा पडला. आकडा खोबणीत घातला. दाबला. बसेना. पुन्हा दाबला. आतून करकर आवाज आला, दाताखाली खडा यावा तसा.

"रेती आहे," गाडीखालून त्याचा आवाज आला.

"काय?"

"खोबणीत रेती आहे. अंगणातली."

कॅरॅव्हानचं दार उघडल्याचा आवाज आला, आत भांडी खणखणली, आणि थोड्या वेळाने गाडीखाली तिचा हात आला. हातात टूथब्रश होता. मग दुसरा हात आला, त्यात सॅलडच्या तेलाची बाटली.

डुर्क घासू लागला. रेती त्याच्या डोळ्यांत, मिशीत, कॉलरमध्ये पडत होती. कालव्यातून पुन्हा भोंगा झाला, आता बराच जवळून. पुलाचं लोखंड थरथरलं आणि ती थरथर डुर्कच्या पाठीतून कवटीपर्यंत गेली.

"तांडेल म्हणतोय, तुमचा विचार इथेच मुक्काम करायचा आहे का?" आवाज म्हणाला. "मी फक्त निरोप सांगतेय."

"हा ब्रश माझा आहे," डुर्क गाडीखालून म्हणाला.

"हो," आफ्के म्हणाली.

त्याने तेल ओतलं. अर्धं खोबणीत गेलं, अर्धं कानात. मग आकडा दोन्ही हातांनी धरला, मनात आजवर बनवलेल्या सगळ्या कवळ्यांची आठवण केली आणि वर रेटला.

खट्!

आवाज इतका खणखणीत आला की दांड्याजवळच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मूठ हिरवी झाली. किल्ली अलगद हातात आली. डुर्क बाहेर सरपटला आणि गाडीला धरून उठायला लागला.

कट्.

आफ्केने त्याच्या गुडघ्याकडे बघितलं. मग त्याच्या तोंडाकडे.

"डुर्क, सकाळी गोठ्यात तुला कुठलं ऐकू आलं होतं?"

डुर्कच्या मिशीतून तेल ठिबकत होतं. खोटं बोलायला माणसाच्या अंगावर निदान कोरडे कपडे तरी लागतात.

"गुडघ्याचं," तो म्हणाला.

यावर बोलायला वेळ नव्हता. बोटीचं नाक आता इतकं जवळ आलं होतं, की त्यावर उभ्या असलेल्या कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा दिसत होता. जबडा गोळ्यावर, वायर सॉकेटमध्ये, ब्रेक खाली. आफ्के पुन्हा स्टिअरिंगला बसली, डुर्क शेजारी, आणि निळी गाडी कॅरॅव्हानसकट पुलावरून खाली उतरली. मागे दांडा पडला. पूल कण्हत वर उचलला जाऊ लागला, आणि त्याच्या पोटाखालून रेतीची बोट अशी निघाली, की तिच्या केबिनवरची शिडी पुलाला घासते की काय असं वाटावं. तांडेलाने जाता जाता खिडकीतून बाहेर बघितलं. त्याने मूठ वगैरे दाखवली नाही, फक्त सावकाश मान हलवली, आणि डुर्कला मूठ परवडली असती.

कालव्याच्या काठाला गाड्या थांबवायची जागा होती, तिथे आफ्केने गाडी लावली. तुटलेल्या तारेच्या जागी डुर्कने डब्यातली जादाची तार जोडली.

"पोर्तुगाल..." त्याने सुरुवात केली.

"आधी तोंड पूस," आफ्के म्हणाली.

तोंड पुसता पुसता तो वाट बघू लागला. आता सिब्रांत येणार. पुलाखालून दिमाखात बाहेर पडणार, टोपी काढून वाकणार, आणि त्या कवितेचं पहिलं कडवं इथेच म्हणून दाखवणार. डुर्कने मान खाली घातली.

आधी गाणं ऐकू आलं. मग पुलाच्या सावलीतून एक भाड्याची, चपटी, उघडी बोट बाहेर आली. तीत कागदी टोप्या घातलेल्या सहासात बायका बसल्या होत्या. बोलीवरून पार दक्षिणेच्या, लिम्बुर्गकडच्या असाव्यात, जिथली माणसं पाणी फक्त नळाला बघतात असं सिब्रांतचं ठाम मत होतं. त्या गात होत्या आणि सुकाणू धरलेली बाई दुसऱ्या हाताने ताल देत होती. बोटीच्या मागे एक दोरी होती, ताठ ताणलेली. आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला, डोलकाठीवर लाल पताका फडफडवत, सिब्रांतची बोट येत होती.

सिब्रांत सुकाणूपाशी ताठ उभा होता. त्याचे डोळे दोरीवर होते आणि चेहरा दगडाचा.

डुर्कने छाती भरून श्वास घेतला. किती वर्षं तो या एका क्षणाची वाट बघत होता! गोगलगाय, शेपूट, ओढून नेणं, सगळे शब्द जिभेवर येऊन रांगेत उभे राहिले. मग त्याला कानातलं तेल जाणवलं. त्याने श्वास सोडून दिला.

"दोरी टाक इकडे," तो म्हणाला. "बांधून घेतो."

सिब्रांतने दचकून वर बघितलं. "तुम्ही? तुम्ही इथे काय करताय?"

"थांबलो होतो जरा," आफ्के म्हणाली.

बायकांना बोट परत करायची होती. सिब्रांतची दोरी सोडून, त्याला गालावर तीन-तीन मुके देऊन त्या गात गात वळून गेल्या. डुर्कने बोट काठाला बांधली. सिब्रांत उडी मारून वर आला आणि बराच वेळ टोपी झटकत राहिला.

"इंजिन गेलं," शेवटी तो म्हणाला. "निघाल्यावर लगेच. कालव्यात शिडावर यायला परवानगी नाही, नाहीतर... असो. हसून घे."

"नाही हसत."

"त्या पुलाशी तर मी देवाचं नाव घेत होतो. म्हटलं, उघडला की दोन्ही काठांची माणसं मला या बायकांच्या मागे बघणार. पण कोण जाणे काय झालं, उघडेचना! पुढे ती रेतीची बोट, मला काही दिसत नव्हतं. पण ज्या कोणी गाढवाने तो पूल अडवला ना, त्याचे हात धरून आभार मानावेसे वाटले मला. तेवढाच वेळ मिळाला."

डुर्क कालव्याकडे बघू लागला. आफ्के डुर्ककडे बघू लागली. आणि नेमका तेव्हाच मागचा कर्णा बोलू लागला.

"निळ्या गाडीचे गृहस्थ," तो सभ्य आवाज पाण्यावरून दूरवर घुमला, "आता रस्ता मोकळा आहे. निघण्यापूर्वी आकडा पुन्हा एकदा बघून घ्या. कॅरॅव्हान पुलावर राहिली तर राहिली, मोठ्या रस्त्यावर राहायला नको. शुभ प्रवास."

सिब्रांतने कर्ण्याकडे बघितलं, निळ्या गाडीकडे बघितलं, मग मेव्हण्याच्या तेलकट मिशीकडे. तो पुढे आला आणि त्याने डुर्कचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. मग आपले तेलकट झालेले हात पँटला पुसले.

हेगच्या तळ्यापर्यंत गाडी आफ्केनेच चालवली. बोट काठालाच ठेवून आलेला सिब्रांत मागच्या सीटवर गुडघ्यांवर उभा राहून मागच्या काचेतून बघत होता.

"आहे," पहिल्या खड्ड्यानंतर तो म्हणाला.

"बसलाय तो," डुर्क म्हणाला. "किल्ली माझ्या खिशात आहे."

"असेल. पण मी सकाळपासून दोरीकडेच बघत होतो. आता मान पुढे वळतच नाही." पुन्हा खड्डा आला. "आहे."

तिसऱ्या खड्ड्याला डुर्कलाही राहवेना. तोही मागे वळला. दोघं साठीला टेकलेले पुरुष एकामागे एक माना वळवून कॅरॅव्हानच्या नाकाकडे टक लावून बघत राहिले. पुढे पाठ करून बसल्यामुळे त्यांना ना पुढचा सिग्नल दिसत होता, ना वळण, ना ट्रॅक्टर. आफ्केने ट्रॅक्टर ओलांडला. हळू आवाजात ती बायकांचं ते गाणं गुणगुणत होती.

बऱ्याच वेळाने डुर्कने न वळताच विचारलं, "आफ्के, मग पोर्तुगालचं काय?"

"बघू," आफ्के म्हणाली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी गाडी चालवतेय आणि कशी चालवायची ते मला कोणी सांगत नाहीये. तुम्ही दोघं आपले मागेच बघा."

"आहे," सिब्रांत म्हणाला.